घोडीची डेडलाइन

कळवणला मामाकडे वरातीची घोडी आहे. लग्नसराईत घर तिच्यावर चालतं. पण यंदा मामाला शिंगरू हवंय. मला वाटायचं, घोडा लावला की झालं! छे.

गुरांच्या डॉक्टरांनी आधी गर्भाशयाचा स्वॅब तपासायला पाठवला. जंतुसंसर्ग निघाला. म्हणजे आधी उपचार, आणि हा माज सोडायचा. घोडा ठरलेला, तरी! पुढचा माज साधारण २१ दिवसांनी. तो पाच-सात दिवस टिकतो, पण बीज सुटतं शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणून सोनोग्राफी करून वेळ गाठायची. घोडा लावल्यावर १४-१५ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, कारण जुळं असेल तर बहुधा दोन्ही जातात, कधी घोडीही धोक्यात येते. त्यातलं एक वेळीच काढावं लागतं. मग गाभणपणाचे ११ महिने. शेवटी शेवटी वरात बंद, कमाईही बंद.

मामा एवढंच म्हणाला, "माज परत येईल, घोडी नाही येणार."

आमच्याकडे तारीख जवळ आली की पहिली कात्री टेस्टिंगला लागते. इथे तारीख घोडी ठरवते आणि टेस्टिंग आधी होतं. असो. उपचार चालू आहेत. पुढच्या माजाला काय होतं ते कळवीनच.