खर्जाचा कोपरा

खोलीलाही स्वतःचा सूर असतो, आणि तो गाणाऱ्याने निवडलेला नसतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरातली रियाजाची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूटच उंच. विटांच्या भिंती, डोक्यावर स्लॅब, पायाखाली शहाबादी फरशी. मिरजेचा तंबोरा जुळवून खर्जाची तार छेडली की खोली क्षणात भरून जाते. त्या भरण्यात तंबोऱ्याचं किती आणि भिंतींचं किती, हे ओळखू लागलो तेव्हा माझं गाणं ऐकणंच बदललं.

काळी एकचा षड्ज घेतला, तर खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. मंद्र सप्तकातला मध्यम ९२ च्या, पंचम १०४ च्या आणि धैवत ११५ च्या आसपास येतो. खोलीचा हिशेब मात्र वेगळा चालतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लाट नेमकी बसते ती तिथंच घुमत राहते. १२ फुटांत ४७ कंपनांचा नाद बसतो आणि त्याची दुप्पट ९४. १० फुटांत ५७ आणि ११३. त्यात रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून हे दोन नाद दुहेरी बळाने उठतात. आता स्वर आणि आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मध्यम आणि धैवत खोलीच्या नादाला चिकटून आहेत, ते फुगून येतात. मधला पंचम पोरका पडतो. मग गाणारा नकळत पंचमावर जोर देतो आणि धैवतावर सैल सुटतो. पहाटेचा खर्जाचा रियाज असा भिंतींच्या मर्जीने घडत जातो. साथीला कुणी बसलं तर डग्ग्याचा ‘घे’ही दोन हात सरकून बसताच पालटतो.

यावर अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम भिंतीला चिकटवण्याचा सल्ला सगळीकडून मिळतो. त्याने टाळीचा खणखणाट कमी होतो, खर्जाला धक्काही लागत नाही. ६९ कंपनांची लाट ५ मीटर लांब असते. इंचभर फोम तिच्या खिजगणतीत नसतो. शिवाय भिंतीला लागून असलेल्या हवेला हलायलाच जागा नसते. तिथं दाब सर्वात जास्त आणि हालचाल जवळजवळ शून्य. तंतूंमधून हवा ये-जा करते, घासते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरते, तेव्हाच आवाज शोषला जातो. म्हणून शोषणारा थर जाड हवा, भिंतीपासून सुटा हवा, आणि जिथं खोलीतले सगळेच खालचे नाद येऊन टेकतात तिथं हवा. अशी जागा एकच, कोपरा. कोपऱ्यातल्या अशा थराला ध्वनितंत्रज्ञ बेस ट्रॅप म्हणतात.

साखर कारखान्यांत बॉयलरभोवती आणि वाफेच्या नळांभोवती गुंडाळतात तीच रॉकवूल इथं कामाला येते. बेसाल्टसारखा खडक वितळवून त्याचे तंतू ओढतात आणि दाबून त्यांच्या लाद्या करतात. ज्या जातीच्या काळ्या दगडावर पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर उभा आहे, तोच दगड केसाहून बारीक होऊन खर्ज शोषायला येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. घनमीटरला ४८ किलो वजनाच्या दोन इंची दोन लाद्या एकावर एक ठेवून चार इंचांची जाडी केली. सुतारमामांनी २ फूट रुंदीच्या, जमिनीपासून छतापर्यंतच्या चौकटी ठोकल्या. चौकट कोपऱ्यात तिरकी उभी केली की तिच्यामागे फूटभर खोल त्रिकोणी पोकळी राहते. ती पोकळी वाया गेलेली जागा नव्हे. निम्मं काम तीच करते. तंतू उडू नयेत म्हणून आधी न विणलेलं पातळ कापड आणि त्यावर मांजरपाट ताणला. कापड निवडायची कसोटी सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हवा लागली तरच ते योग्य. लाद्या कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच, कारण हे तंतू कातडीला आणि घशाला बोचतात.

चौकटी उभ्या राहिल्यावर खोली मुकी झाली नाही. तंबोऱ्याची जवारी तशीच झळाळत राहिली, फक्त प्रत्येक स्वर आपल्या वेळेला संपू लागला. पंचमाला त्याची जागा मिळाली. धैवत माझा किती आणि भिंतीचा किती, हे कळू लागलं. भोपळा तारेचा नाद मोठा करतो आणि कोपऱ्यातली चौकट त्याच नादाचं शिल्लक राहिलेलं ओझं उतरवते. तंबोऱ्याला दोन्हींची गरज असते. शेजारी जाणारा आवाज मात्र या चौकटी अडवत नाहीत. त्याला जड भिंत आणि घट्ट दारं लागतात. म्हणून रियाजाची वेळ आजही गल्लीच्या झोपेला सांभाळूनच ठरते.

ऐकण्याच्या जागेची ही काळजी नवी नाही. १८९५ मध्ये हार्वर्डमधलं एक घुमणारं व्याख्यानगृह वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे सोपवलं गेलं. रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो त्या मांडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्याच गाद्यांतून वास्तुध्वनीचं शास्त्र जन्मलं.

आणि साधारण त्याच काळात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात आले. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला होता. पूर्वीचा आवाज परत आला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला शोभेल अशी वळणदार गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर-अत्रौली घराणं उभं राहिलं. आपला आवाज आहे तसा ऐकण्याचं धैर्य त्यामागे होतं. आम्हा सामान्य साधकांकडे तेवढी प्रतिभा नसते. पण आवाज खरा ऐकू येईल अशी खोली तरी आपण करू शकतो.

पैलवान आखाड्यात उतरण्याआधी तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मुरवावी लागते, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. गळ्याच्या मेहनतीलाही अशी मशागत केलेली जागा लागते. राजारामपुरीत जुनी घरं पाडून फ्लॅट उठत आहेत, खोल्या आखूड होत आहेत, आणि खोली जितकी लहान तितका तिचा हट्ट मोठा. नव्या फ्लॅटमध्ये मुलासाठी तबला किंवा तंबोरा आणणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे की वाद्याच्या खर्चातच दोन कोपऱ्यांचा खर्च धरावा. गुरू आठवड्यातून एकदा चूक दाखवतात. बरी केलेली खोली ती रोज दाखवते.