अण्णांनी निवडलेलं कापड

पूलच्या टेबलावर कापड चढवायला दोन माणसं लागतात. एक ओढणारा, दुसरा ठोकणारा. नालासोपाऱ्याच्या आमच्या गाळ्यात त्या दिवशी ओढत होते अण्णा आणि स्टेपल गन माझ्या हातात होती. आम्ही चार महिन्यांनी एकमेकांशी बोलत होतो. तेही "मार", "थांब", "सोडू नका" एवढंच.

अण्णा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. अडीच लाख कामगारांचा तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, आणि अण्णांनाही गिरणीने पुन्हा बोलावलं नाही. चाळीतली खोली गेली. आमच्यासारखी कितीतरी घरं तेव्हा विरार लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे सरकली, त्यात आम्ही नालासोपारा पूर्वेला आलो. आई डबे करायची. अण्णांनी एका सोसायटीत वॉचमनकी धरली. गिरणीबद्दल ते फारसं बोलत नसत. फक्त लग्नात कुणी साडी-शर्टपीस हातात ठेवला की आधी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळत आणि पुटपुटत, "खळ जास्त आहे. एका धुण्यात पोतेरं होईल." आईला त्याची लाज वाटायची.

२००१ मध्ये मी कर्ज काढून गाळा भाड्याने घेतला आणि त्यात एक जुनं पूल टेबल टाकलं. बिलियर्ड्स, स्नूकर हे आपल्याकडे छावण्यांतले आणि जिमखान्यातले खेळ. स्नूकर जन्मलं तेच १८७५ मध्ये जबलपूरला, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, हे मला लहानपणी माहीतही नव्हतं. आमच्या भागात हा खेळ पोचला तो ताशी भाड्याने खेळायचा पूल होऊन. आई म्हणाली, "पोरं बिघडवायचं दुकान काढलंस." अण्णा काही बोलले नाहीत. टेबलाभोवती एक फेरी मारली, फाटलेल्या कापडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे लोकर आहे ना?"

लोकरच असते. टेबलाला हिरवं 'फेल्ट' लावतात असं सगळे म्हणतात, पण ते फेल्ट नसतं, विणलेलं कापड असतं. स्नूकरच्या कापडाला लव असते. ती एकाच दिशेला बसवलेली असते, त्याच दिशेने ब्रश मारायचा, त्याच दिशेने इस्त्री. लवेविरुद्ध हळू मारलेला बॉल वाट सोडतो. पूलचं चांगलं कापड वर्स्टेड असतं. म्हणजे लोकरीचे लांब तंतू विंचरून, पीळ घट्ट देऊन काढलेल्या सुताचं. त्याला लव जवळपास नसते, बॉल सरळ आणि वेगात पळतो. बेल्जियममधल्या व्हर्व्हिए गावची सिमोनिस कंपनी १६८० पासून लोकरीचं कापड विणते आहे आणि पूलवाल्यांमध्ये तिचं नाव आजही आधी निघतं. स्वस्तातल्या कापडात लोकर कमी आणि नायलॉन जास्त.

माझ्यापुढे दोन नमुने होते. अण्णांनी दोन्हींच्या कडेचा एकेक धागा उपसून काडीवर धरला. एक जळला तेव्हा केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली. दुसरा वितळून त्याचा कडक मणी झाला. "हे घेऊ नकोस," ते म्हणाले. मणी झालेलं कापड अर्ध्या किमतीत होतं. डिपॉझिट भरून माझे हात रिकामे झाले होते. वर जुलै चालू होता, आणि त्यांचं म्हणणं होतं की पावसाळा संपेपर्यंत कापड चढवूच नये. मी चिडलो. म्हणालो, "अण्णा, तुमची गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली."

ते उठून घरी गेले.

कापड मी मुंबईहून आलेल्या कारागिराकडून बसवून घेतलं. सप्टेंबरपर्यंत त्यावर गोळे आले होते, ब्रेकच्या जागी पांढरे डाग पडले होते. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर ते आवळलं आणि दोन कोपऱ्यांच्या पॉकेटपाशी चिरा लांबल्या. दमट हवेत सैलावलेलं कापड ताणून ठोकलं की कोरड्या हवेत ते स्वतःलाच ओढतं. हे मला नंतर कळलं. गिऱ्हाईक फाटलेल्या टेबलावर खेळत नाही. दिवाळीनंतर मी घरी जेवताना एवढंच म्हटलं, "दुसरं कापड घ्यायचंय." अण्णा म्हणाले, "डिसेंबर लागू दे."

डिसेंबरात आम्ही दोघांनी टेबल उघडलं. सहा कुशन बोल्ट काढून भिंतीला टेकवली. जुन्या पिना पकडीने एकेक उपसल्या, त्यातच सकाळ गेली. खाली तीन तुकड्यांची स्लेट. अण्णांनी जोडांवर नख फिरवलं, जिथे अडलं तिथे वितळवलेलं मेण सोडलं आणि थंड झाल्यावर ब्लेडने खरवडून सपाट केलं. मग लेव्हल लावून पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या. शेवटी धोतराच्या फडक्याने स्लेट तीनदा पुसली. कापडाखाली वाळूचा एक कण राहिला तरी बॉल तिथे उडतो.

कापड पसरताना त्यांनी उभा धागा टेबलाच्या लांबीला घेतला. "ताणा कमी सैलावतो, बाणा जास्त. मापटं त्याप्रमाणे," असं काहीसं ते स्वतःशीच म्हणाले. कुशनच्या पट्ट्या त्याच ठाणातून, त्याच दिशेने आधी कापून ठेवल्या. मग एका आखूड बाजूला मधोमध पहिली पीन आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे. त्यानंतर समोरची बाजू. इथे खरं ओढायचं असतं. कमी ओढलं तर बॉलपुढे बारीक लाट येते. जास्त ओढलं तर कापड पातळ होतं, बॉल काचेवरून गेल्यासारखा घसरतो आणि पॉकेटच्या तोंडाशी कापड लवकर जातं. अण्णा दोन्ही हातांचे तळवे कापडावर सपाट ठेवून ओढत, बोटांनी खेचत नसत. बोटांनी खेचलं की त्या जागी ताण साचतो, म्हणे. लांब बाजूंना आल्यावर त्यांनी गन स्वतःकडे घेतली आणि मला ओढायला लावलं. दोन पिना झाल्यावर थांबले. "तुझ्याकडून ढिलं आहे." मी जोर लावला. "आता जास्त झालं." चौथ्या-पाचव्या वेळी काहीच बोलले नाहीत, फक्त पीन मारली.

मधूनच सांगू लागले, साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे. सूत ओलं असलं की मजबूत होतं, तुटत नाही. दिवसभर घामाने आणि वाफेने सदरा भिजलेला. "लोकर उलटी. ओली झाली की कमजोर." एकोणीस वर्षांत गिरणीबद्दल एवढं सलग ते पहिल्यांदा बोलले असतील. मी जुलैतल्या त्या वाक्याबद्दल काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. हात दोन्हीकडून गुंतलेले होते, आणि ते बोलत होते ते थांबवावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी शेवटचं कुशन कसल्यावर त्यांनी कापडाची चिमूट मधोमध धरून सोडली. ती टप्प आवाज करून जागेवर बसली. एक बॉल हळूच सोडला. तो समोरच्या कुशनला लागून आला तसाच परत आला. अण्णा म्हणाले, "चहा सांग."

ते कापड चार वर्षं चाललं. पावसाळ्यात अण्णा टेबलाखाली दोन बल्ब लावून ठेवायचे. पोरं त्यांना आजोबा म्हणत आणि चॉक टेबलाच्या कडेवर ठेवायला घाबरत. २०१२ मध्ये ते गेले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा गाळ्यात गुडघाभर पाणी होतं आणि वीज नव्हती. कापड पाण्याच्या वर होतं, तरी हवेतला ओलावा पिऊन फुगलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश पाणी पिऊनही हाताला ओली लागत नाही. मी तळवा ठेवला आणि कळलं, गेलं. ते उतरवून नवं चढवायला डिसेंबरपर्यंत थांबलो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, त्यातलं सगळं परत आलं नाही.

आता पुन्हा बदलायची वेळ आली आहे. गाळ्यात पूर्वीसारखी गर्दी नसते, आणि दुकानदाराने परवा दोन नमुने पाठवलेत, एक दुसऱ्याच्या अर्ध्या किमतीचा. मुलगी बारावीत आहे. तिला विचारलं, डिसेंबरात एक दिवस ओढायला येशील का? ती म्हणाली, "किती ओढायचं ते मला कसं कळणार?"

मी म्हटलं, मी सांगेन. चुकलं तर पीन उपसता येते.