दया नव्हे, न्याय

माणूस पदाने मोठा होतो, असे आपण सहज म्हणतो. जॉन पीटर आल्टगेल्ड मला मात्र पद गमावल्यामुळे मोठा वाटतो.

१८४७ साली जर्मनीत जन्मलेला आणि तान्हेपणीच अमेरिकेत आलेला हा गरिबाचा मुलगा वकील झाला, न्यायाधीश झाला आणि १८९३ मध्ये इलिनॉय राज्याचा गव्हर्नर झाला. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. तिथला गव्हर्नर मते मिळवून निवडून येतो. लोकांचा रोष त्याला परवडत नाही.

१८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या वेळी बाँब फुटला, पोलीस मेले. लढा होता आठ तासांच्या दिवसाचा. १ मेचा कामगार दिन त्यातूनच आला. बाँब कोणी टाकला, हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जण दोषी ठरले, चौघे फासावर गेले, एकाने कोठडीतच जीव दिला. उरलेल्या तिघांना आल्टगेल्डने १८९३ मध्ये मुक्त केले.

केवळ दया दाखवली असती, तर कदाचित ते खपूनही गेले असते. पण त्याने जाहीरपणे लिहिले, की ज्यूरी मुद्दाम निवडलेली होती, न्यायाधीश पक्षपाती होता आणि गुन्हा शाबीतच झाला नव्हता. वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. १८९६ ची निवडणूक तो हरला.

दया गुन्ह्याचा डाग तसाच ठेवते. न्याय तो पुसतो. त्याच्या जागी आपण असतो, तर यातले काय निवडले असते?