मुक्काम साताऱ्याला

लोट्याहून घाटावर जायला दोन वाटा आहेत. दक्षिणेला परशुराम घाट उतरून चिपळूण आणि तिथून कुंभार्ली घाट, नाहीतर उत्तरेला खेड, कशेडी, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाट. पहिली वाट पाटणला नेते, दुसरी थेट महाबळेश्वरला. दोन्हींच्या मधे सह्याद्रीची सलग भिंत. आमच्या लॅबच्या मागच्या जिन्यावरून, धुरकट नसेल त्या दिवशी, ती पूर्वेला निळी दिसते. मी इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात क्यूसीला आहे. दिवसभर नमुने, टायट्रेशन, रिपोर्ट. आणि संध्याकाळी खोलीवर गेलं तरी कपड्यांना सॉल्व्हंटचा वास. त्या जिन्यावर चहा पिताना पलीकडे काय आहे ते बघून यावं असं बरेच दिवस मनात होतं. २०२४ च्या डिसेंबरात ऑडिट संपलं, शिल्लक रजा सलग मिळाली आणि हाताशी तीन हजार रुपये मोकळे होते. एकटीनं जायचं हे आधीच ठरलेलं होतं. मैत्रिणींच्या सुट्ट्या जुळण्याची वाट पाहण्यात आधीचे दोन हिवाळे गेले होते.

कुठं जायचं यावर लॅबमध्ये दोन तट पडले. निम्म्यांचं म्हणणं, एकटी आहेस तर पुणं किंवा कोल्हापूर कर. माणसांत राहशील, उशीर झाला तरी रस्त्यावर दिवे असतात. बाकीचे म्हणाले, कारखान्याच्या वासातून बाहेर पडायचं आणि परत गर्दीतच जायचं, याला काय अर्थ? महाबळेश्वरला जा. आई फोनवर एवढंच म्हणाली, "डोंगरात एकटी कशाला जातेस गो? सोबत कोणीतरी बघ." तिची काळजी खरी होती. पण सोबत बघायची म्हणजे परत घरीच बसायचं, हे मला माहीत होतं.

मी कागद घेऊन बसले आणि हिशेब मांडताना एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुणीच सांगितली नव्हती. प्रवासात काही गोष्टींचा दर माणशी असतो आणि काहींचा खोलीवर किंवा गाडीवर. एसटीचं तिकीट, खानावळीतलं ताट, संग्रहालयाचं तिकीट हे माणशी. एकटं माणूस यात कुठंच तोट्यात नसतं. पण थंड हवेच्या ठिकाणी खोली दोघांची धरलेली असते आणि पॉइंट दाखवणारी टॅक्सी अख्ख्या गाडीची. चौघं गेले तर चौघांत वाटलं जातं. एकटीला चौघांचं भरावं लागतं. डोंगर महाग आहे असं आपण म्हणतो. डोंगर महाग नाही, तिथली रात्र महाग आहे. शहरात रात्रही एकट्याला परवडते, कारण तिथं विक्रीला, कोर्टाच्या तारखेला, परीक्षेला एकटी माणसं रोज येतात आणि त्यांच्यासाठी लॉज, खानावळी आधीपासून आहेत.

तरी महाबळेश्वरला फोन केले. आठवड्याच्या मधल्या दिवशीचे दर ऐकून घेतले, त्यात मावणारी एक-दोन ठिकाणं होतीही. पण "किती जण?" या प्रश्नाला "एकटी" म्हटल्यावर बोलण्याचा सूर बदलायचा. एकानं स्पष्टच सांगितलं, "मॅडम, सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही. मालकांची ऑर्डर आहे." दुसऱ्यानं विचारलं, एकट्या कशाला येताय, घरी माहीत आहे का? मी पस्तिशीची आहे, पगार मिळवते, आधार कार्ड दाखवायला तयार आहे. हे नियम बाईच्या सुरक्षेसाठी आहेत असं सांगतात. पण खोली नाकारलेल्या बाईची रात्र स्टँडच्या बाकावर जाते, आणि तिथं ती खोलीतल्यापेक्षा सुरक्षित नसते. त्या दिवशी मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

मग नकाशावर फिरवता फिरवता बोट साताऱ्याशी थांबलं. शहर आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे, आणि अजिंक्यतारा किल्ला शहराच्या डोक्यावरच उभा आहे. सज्जनगड पंधराएक किलोमीटरवर, महाबळेश्वरला एसटीनं सकाळी जाता येतं. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं चढायचं आणि आंबेनळीनं उतरायचं, म्हणजे गेलेल्या वाटेनं परत यायला नको. मुक्काम शहरात, दिवस डोंगरात. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास घ्यावा का, याचाही विचार केला. पण १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तेवढ्यात माझा फेरा बसत होता. या सवलतीवर बरीच टीका मी ऐकली आहे. माझ्यासारख्या बाईला त्या अर्ध्या तिकिटानं काय दिलं, ते मी या प्रवासात पाहिलं. गाडीत निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि त्यातल्या कितीतरी एकट्या होत्या.

चिपळूणहून साताऱ्याची गाडी सकाळी मिळाली. खिडकी मिळाली. अलोरे, पोफळीपर्यंत रस्ता सपाट, मग चढ लागतो. पोफळीशी माझं मन जास्तच गुंतलं, कारण आमच्या भागाचं पाणी इथून येतं. कोयना महाबळेश्वरला उगवते आणि सह्याद्रीच्या मागच्या अंगानं दक्षिणेला वाहत येते. हेळवाकजवळ तिच्यावर १०३ मीटर उंचीचं धरण आहे, साठा १०५ टीएमसी. तिथून पुढं ती पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडतात. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. घाटमाथा आणि कोकण यांच्यातल्या उंचीच्या फरकावर कोयनेची वीज उभी आहे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. वीज करून झालेलं पाणी, ज्याला आम्ही अवजल म्हणतो, ते वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात दगड दाखवतात. चिपळूणला वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती या अवजलामुळे. परशुराम घाटातून खाली ती वळणं घेत खाडीकडे जाताना मी हजार वेळा पाहिली असेल. तिच्यात महाबळेश्वरचं पाणी आहे हे शाळेत शिकले होते, पण गाडीच्या खिडकीतून उलट्या दिशेनं त्या पाण्याच्या मागावर जाताना ते पहिल्यांदा कळलं.

शेजारी पाटणच्या एक आजी होत्या. लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणला राहून परत निघालेल्या. घाट संपल्यावर त्यांनी स्वतःहून ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली. भूकंप झाला तेव्हा त्या लहान होत्या; वडिलांनी ओढून अंगणात आणलं, मागं घर बसलं. "आमच्यात अजून मोठा ट्रक गेला तरी कुणीतरी उठून बसतंय," त्या म्हणाल्या. गाडी हेळवाकला चहाला थांबली तेव्हा मी त्यांच्यासाठीही चहा आणला, आणि त्यांनी डब्यातली भाकरी पुढं केली. एकटीनं प्रवास केला म्हणून असं बोलणं झालं. मैत्रिणींबरोबर असते तर आम्ही आपसातच बोलत बसलो असतो.

साताऱ्याला स्टँडजवळच्या लॉजवर काउंटरला एक वयस्क गृहस्थ होते. आधार कार्ड पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, "लोटे म्हणजे चिपळूणकडचं ना?" एवढंच विचारलं आणि किल्ली दिली. खोली लहान, चादर स्वच्छ, दाराला आतून दोन कड्या. सहाशे रुपये. जवळच एका बाईंची खानावळ होती. तिथं पहिल्या रात्री भाजी-भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या रात्री त्यांनी न विचारता ताट वाढलं.

अजिंक्यताऱ्यावर मी अंधार असतानाच निघाले, आणि आईची काळजी किती अनाठायी होती ते दहा मिनिटांत कळलं. तो गड सातारकरांच्या रोजच्या चालण्यातला आहे. कानटोप्या घातलेले आजोबा, ट्रॅकसूटमधली मुलं, पदर खोचून आणि पायात बूट घालून झपाझप चढणाऱ्या बायका. एकीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "नव्या दिसताय?" आणि सोबत चालायला लागल्या. दरवाजातून आत गेल्यावर त्या मला मंगळाईच्या देवळापर्यंत घेऊन गेल्या. हा किल्ला १७०० मध्ये औरंगजेबाला वेढा घालून घ्यावा लागला, आणि पुढं मराठ्यांनी तो परत घेतला. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये इथंच झाला आणि त्यानंतर खालचं शहर वाढलं. वरून ते वाढणं दिसतं: अजिंक्यतारा आणि यवतेश्वराचा डोंगर यांच्या मधल्या जागेत घरं दाटत गेलेली. ऊन यायला लागलं तशी जरंडेश्वराची आणि सज्जनगडाची बाजू उजळली. हवेला कसलाच वास नव्हता. मी नाकानं काम करणारी आहे, लॅबमध्ये गळती आधी नाकाला कळते, म्हणून हे मला सगळ्यात आधी जाणवलं.

शहर आणि डोंगर यांतलं एक निवडायचं असतं असं मी धरून चालले होते. साताऱ्यात ती निवडच उरली नाही. सहाला गडावर, नऊला स्टँडसमोर पोहे, दुपारी संग्रहालय. तिथं त्या हिवाळ्यात वाघनखं होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तीन वर्षांसाठी दिलेली, त्यातले जुलै २०२४ पासूनचे सात महिने साताऱ्याला. साताऱ्याचा रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ ती विलायतेला घेऊन गेला होता. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियमही सांगतं. तरी रांगेत माझ्यापुढं उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांचे चेहरे मी बघत होते आणि मला ती रांग मोलाची वाटली.

सज्जनगडाचा दिवस याहून शांत. एसटी वरपर्यंत नेते, मग पायऱ्या आणि दोन दरवाजे. समर्थ रामदासांची समाधी तळात, वर रामाचं देऊळ. दुपारी महाप्रसाद झाला. रांगेत बसायचं, ताट समोर येतं, कुणी विचारत नाही तुम्ही किती जण. फोनवर तो प्रश्न ऐकून आल्यामुळे मला त्या पंगतीत बसताना भरून आलं. मागच्या कड्यावरून उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. तिथं बराच वेळ बसले.

परतीला सातारा सोडून मेढ्यामार्गे महाबळेश्वर गाठलं, पाठीवर सॅक घेऊन. मुक्काम करायचा नाही म्हटल्यावर महाबळेश्वर अगदी परवडणारं झालं. टॅक्सीवाले मागं आले, त्यांना नको म्हटलं आणि क्षेत्र महाबळेश्वरला चालत गेले. झाडीतला रस्ता, सकाळची थंडी, वाटेत स्ट्रॉबेरीची शेतं. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. मी ओंजळ भरून प्याले. यातली कोयना बोगद्यातून आमच्याकडे येते आणि सावित्री आंबेनळीच्या बाजूनं पोलादपूर, महाडवरून बाणकोटला. पाचांतल्या दोघी कोकणाच्या. बाजारात परत आल्यावर गाडीला वेळ होता म्हणून कणीस खाल्लं, घरासाठी स्ट्रॉबेरीचं एक खोकं घेतलं. पॉइंट फारसे पाहिले नाहीत. ज्यांना ते बघायचे आहेत त्यांनी एसटीची महाबळेश्वर दर्शनची गाडी धरावी. तिचा दर माणशी आहे.

महाडच्या गाडीनं आंबेनळी उतरताना सगळी गाडी गप्प होते, निदान आमच्या बाजूची माणसं तरी. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि त्यातला एकच जण वाचला. आमच्या तालुक्यांत ते कुणी विसरलेलं नाही. ड्रायव्हरनं वळणावळणाला हॉर्न देत, घाई न करता गाडी खाली आणली. डाव्या हाताला दक्षिणेकडे मकरंदगडाची बाजू. त्याच्या पायथ्याच्या हातलोटहून एक जुनी घाटवाट थेट खेड तालुक्यात उतरते असं कंडक्टरनं सांगितलं. "चालत जाल तर तुमचं गाव जवळ आहे, ताई. गाडीनं लांब."

पोलादपूरला खेडची गाडी तासाभरानं आली. कशेडीच्या बोगद्यातून खेड आता लवकर येतं. स्टँडवर उतरले तेव्हा खिशात चारशेवर काही रुपये शिल्लक होते. लोट्याची गाडी लागायची होती, म्हणून चौकशीच्या खिडकीवर रसाळगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचारल्या आणि डायरीत उतरवल्या. रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे तिन्ही आमच्याच तालुक्यातले, जिन्यावरून दिसणाऱ्या त्या भिंतीतले. रसाळगड तरी एका दिवसात होतो. त्याला खोली लागत नाही, कुणाची परवानगीही नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्ट्रॉबेरी वाटताना दोघींनी विचारलं, पुढच्या वेळी आम्ही येऊ का. मी त्यांना गाडीच्या वेळा लिहून दिल्या आणि सांगितलं, या; पण तुमची सुट्टी जमली नाही तरी मी जाणार आहे.