सौंदडहून चांद्याच्या कोटाकडे

सौंदडला बल्लारशाहची गाडी धरली ती ‘चांदा फोर्ट’ स्टेशनासाठी. पेशवाईचा शेवट म्हटला की आपण कोरेगाव आणि आष्टी आठवतो. आमच्या झाडीपट्टीच्या दारात पेशवे आणि इंग्रजांच्या त्या शेवटच्या युद्धाचा एक निर्णायक वेढा पडला, हे किती जणांना ठाऊक असते?

अर्जुनीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. वडशानंतर वैनगंगा ओलांडली, नागभीड आणि मूल मागे पडले, आणि चंद्रपूर, म्हणजेच जुने चांदा, आले.

जटपुरा दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, गोंड राजांचे चिन्ह. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यातले सगळे जुने शहर गोंड राजांच्या कोटाने कवेत घेतले आहे. १८१८ साली इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यांची कुमक मिळेल या आशेने पेशवा दुसरा बाजीराव विदर्भात आला, पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ सिवनीला इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने त्याची फौज उधळली. मग ॲडम्स चांद्यावर आला. ९ मेपासून वेढा. १३ मेला इंग्रजांच्या कैदेतले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले जबलपूरच्या बाजूला पहारा चुकवून निसटले. धनी मोकळा झाला होता, आणि चांदा अजून झुंजत होते! तोफांनी कोटाला खिंडार पाडले, २० मेला हल्ला चढला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला, त्याच्यासोबत कोटातली शेकडो माणसेही. पुढच्या दोन आठवड्यांत, ३ जूनला, बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

आप्पासाहेबांच्या बाजूने लढणारे मात्र थांबले नाहीत. आमच्या गोंदियाकडचे कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्याच वर्षी उठले. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतले. पुढे ९ एप्रिल १८१९ ला असीरगड पडला, तेव्हा कुठे युद्ध मिटले.

चांद्याच्या कोटाच्या बगड खिडकीजवळ तटावर चढलो. इथली झुडपे आणि कचरा इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून कितीतरी महिने श्रमदान करून काढला. त्यांच्यामुळे आज तटावरून चालता येते. चांद्याच्या पोरांनी कोट मोकळा केला. गंगासिंगाचे नाव शाळेच्या पुस्तकात आणण्याचे काम आता आपल्याकडे आहे.