पोहरादेवीची जत्रा आणि याडीची बोली

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची ही काशीच! जगदंबा देवी आणि संत सेवालाल महाराज यांचं हे ठाणं. रामनवमीला इथं तेलंगण-कर्नाटकातूनही गाड्या भरभरून माणसं येतात. गर्दी सोसत नसेल तर मैत्रिणींनो, थंडीत जा. वऱ्हाडातलं चैत्राचं ऊन काही विचारू नका! वाशिमहून मंगरूळपीर, मानोरा असा रस्ता आहे.

जत्रेत माझं लक्ष देवळापेक्षा बायकांकडेच अधिक. आरसे नि कवड्या जडवलेली काचळी, घेरदार फेटिया, केसांत रुप्याच्या घुगऱ्या, हातभर पांढऱ्या बांगड्या. हा थाट आता म्हाताऱ्यांच्याच अंगावर. लेकी-सुना आपल्यासारख्याच गोल साडीत. एवढं जड लेणं घालून ऑफिसात कोण जाईल म्हणा! (म्हाताऱ्या मात्र ते घालूनच जन्मभर रानात राबल्या.)

त्यांची गोरमाटी बोली राजस्थानीच्या कुळातली. स्वतःची लिपी नाही. इकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. तरी तिकडची आजी नि इकडची आजी ओट्यावर बसून घडाघडा बोलत होत्या. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तांडे देशभर हिंडत. आगगाडीनं तो धंदा बुडवला. पुढे इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो पुसला गेला १९५२ साली. एवढ्या वनवासात बोली टिकली ती तांड्यातल्या चुलीपाशी.

आणि लग्नात! नवरी सासरी निघाली की आईच्या, काकूच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला म्हणतात ढावलो. शब्द ज्या त्या नात्याचे, चाल ठरलेली. लग्नाआधी मोठ्या बायका मुलीला तो शिकवायच्या. आपल्याकडची पाठवणी आठवा. आपण नुसत्याच रडतो. आता डी.जे. वाजतो नि नवरीला ढावलो येत नाही, म्हणून एखादी आत्याच तिच्यावतीनं म्हणते.

सेवालाल महाराजांच्या या गावी नंगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय झालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. जरूर बघा, मुलांना दाखवा. पण तिथंच भेटलेली, तालुक्याच्या गावी राहणारी एक सून म्हणाली, "ताई, काचळी इथं राहील हो. माझ्या पोरांना आजीचं बोलणंच कळत नाही, त्याचं काय?" शाळेत मागं पडू नयेत म्हणून तिनं घरात मराठीच ठेवली होती. तिला नावं कशी ठेवू? आपल्यातल्या कितीजणींनी माहेरची वऱ्हाडी अशीच सोडली!

तिनं मात्र उपाय काढला. श्रावणात तीजेला धाकटीला तांड्यावर धाडलं. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, फेर धरून गाणी म्हणतात. पोर परत आली ती दारातूनच "याडी!" अशी हाक मारत. याडी म्हणजे आई, बरं का.