दाढीचा नवा ब्रश

मेहुणा दोह्याहून सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून ठरलेल्या वस्तू निघतात. खजूर, दुधाची पावडर, अत्तराच्या दोन बाटल्या, मुलांना चॉकलेटं. या वेळी माझ्या हातात त्याने एक लहानसा काळा डबा ठेवला. आत दाढीचा ब्रश होता. "भाईजान, आता तरी तो झाडू फेका," तो म्हणाला. झाडू म्हणजे माझा नायलॉनचा ब्रश. सहा वर्षे वापरून त्याचे केस चहूबाजूंनी फाकले आहेत, हे खरे.

उर्दू शिकवणारा माणूस दाढी करतो, हे वाचून काहींच्या भुवया वर जातील. मला हे शाळेत, लग्नात, मय्यतीत सगळीकडे ऐकवले जाते. आज तो विषय नाही.

ब्रश हातात घेतला आणि पहिल्यांदा जाणवले ते वजन. हस्तिदंती रंगाची मूठ, अंगठा बसेल असा खोलगट घाट. केसांचा झुबका मुळाशी जेमतेम बावीस मिलिमीटर, वर मात्र झेंडूसारखा फुललेला. प्रत्येक केस तीन रंगांचा: मुळाशी पांढरट, मधे काळा पट्टा, टोकाला पुन्हा पांढरा. कोरडा ब्रश गालावरून फिरवला तर मांजर अंग घासून गेल्यासारखे वाटले. डब्यावर इंग्रजीत छापले होते, शुद्ध बॅजर.

बॅजर म्हणजे काय, हे घरात कोणालाच नीट माहीत नव्हते. मुलगी नववीत आहे. चित्रकलेच्या तासाला तिने ऐकले होते की मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे कायद्याने बंद आहेत. तिने लगेच विचारले, "अब्बू, हे मुंगूस तर नाही ना?" मुंगूस नव्हे. बॅजर हा बिळात राहणारा, रात्री हिंडणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. ब्रिटनमध्ये त्याला 1992 च्या कायद्याने संरक्षण आहे. ब्रशांसाठी लागणारे केस बहुतेक चीनमधून येतात. म्हणजे आपल्या बॅजरला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याचा मागवायचा. मुलीला हे अजिबात आवडले नाही. मलाही त्यावर चांगले उत्तर सुचले नाही. आणलेली वस्तू आता परत जंगलात जाणार नाही, एवढेच म्हणालो, आणि म्हणतानाच ते लंगडे वाटले.

पण हा ब्रश मी स्वतःच्या गालावर पहिल्यांदा वापरणार नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणे शाबूत आहे, उजवा हात चालतो. पण डाव्या गालाला ब्लेड लागले तरी त्यांना कळत नाही, आणि कातडी ताणून धरायला दुसरा हात नाही. सुरुवातीला हट्टाने स्वतःच करायचे. दोनदा बनियन रक्ताने भिजल्यावर वस्तरा माझ्याकडे आला. तेव्हापासून दर शुक्रवारी जुम्याआधी मी त्यांची दाढी करतो. अब्बा सोलापुरात यंत्रमागावर होते. आठवडाभर कापसाच्या कस्पटात काढलेला माणूस शुक्रवारी मात्र गुळगुळीत गालांनी, इस्त्रीच्या कपड्यांत मशिदीत जायचा. आता खाटेवरच नमाज होते, पण शुक्रवारची दाढी चुकत नाही.

त्या गुरुवारी रात्री मी त्यांना ब्रश दाखवला. उजव्या हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, केसांवरून अंगठा फिरवला.

"ये कायके बालां हैं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. लहानपणी मी अब्बांबरोबर गल्लीच्या टोकाच्या दुकानात केस कापायला जायचो. घाईच्या दिवशी ते दाढीही तिथेच करायचे. तेव्हा त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा ब्रश असे. प्लास्टिकच्या मुठीचा, नायलॉनचा. खुर्चीत बसले की रुमाल उघडून ते तो समोरच्या फळीवर ठेवत. न्हावी एक शब्द न बोलता तोच उचले. बाकीची गिऱ्हाईके बघत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई. वाटे, जगाला चालतो तो ब्रश माझ्या बापालाच का चालत नाही? पुढे कळले की स्वस्तातल्या ब्रशांत डुकराचे केस असतात. रंगकामाच्या ब्रशांतही असतात, म्हणून मशिदीला रंग द्यायचा तर नायलॉनचा ब्रश आणा असे बजावणारे बुजुर्ग मी पाहिले आहेत. दुकानातला ब्रश कशाचा आहे, हे अब्बांनी कधी विचारले नाही. विचारले तर त्या माणसाला अपमान वाटेल, आणि त्यालाही कदाचित माहीत नसेल. म्हणून रुमाल.

एकदा न्हावी आपणहून म्हणाला होता, "चाचा, आता समदे नायलॉनचेच आणलेत बघा." अब्बा हसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वेळी रुमाल पुन्हा खिशात होताच. सवय झाली होती, आणि बहुधा न्हाव्यालाही झाली होती.

कशाचे केस, हा प्रश्न फक्त आमचा आहे असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या नावाने घोड्याच्या केसांचे ब्रश सर्रास विकले जात. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून इंग्लंड-अमेरिकेत दोनशेहून जास्त लोकांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली. दाढी करताना पडलेल्या बारीकशा चिरेतून रोग आत गेला. त्या बिचाऱ्यांनी खिशात रुमाल बाळगला असता तर बरे झाले असते.

आता मी खरे सांगतो. अब्बांनी विचारले तेव्हा माझ्या तोंडावर "नायलॉन" हा शब्द आला होता. सोपे होते. त्यांची नजर कमी झाली आहे, डब्यावरचे इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. आजारी माणसाशी आपण दिवसभर अशी लहान लहान खोटी बोलतोच: गोळी कडू नाही, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, भाजीत मीठ आहे. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षे ब्रश खिशात वागवला, त्याचा चेहरा आता माझ्या हातात आहे. तो स्वतः उठून दुकानात जाऊन विचारू शकत नाही. शब्द गिळला.

"बॅजर कर को जनावर है अब्बा. बिज्जू जैसा."

"सुवर के तो नै ना?"

"नै."

"मौलाना को पूछ को आ."

त्या शुक्रवारी जुन्याच ब्रशाने दाढी झाली. नमाजेनंतर मी इमामसाहेबांना गाठले. मी बिज्जू म्हटले आणि तिथेच घोळ झाला. उर्दू तर्जुम्यांत अरबी 'जबअ' या शब्दासाठी सर्रास 'बिज्जू' छापतात. त्यामुळे इमामसाहेब आधी बिज्जू खाणे शाफईंकडे कसे जायज आणि आपल्याकडे कसे नाही, यातच शिरले. मी म्हणालो, हजरत, जबअ म्हणजे तरस. हे ते जनावर नव्हे, आणि मला ते खायचेही नाही, फक्त गालावर फिरवायचे आहे. ते मोठ्याने हसले. मग नीट सांगितले: हनफी फिकहमध्ये डुक्कर सोडून बाकी जनावरांचे केस पाक, जनावर मेलेले असले तरी. कारण केसात जीव नसतो. केस कापला तर जनावराला दुखत नाही. जिथे जीवच नव्हता तिथे मरण पोहोचत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, "तुमच्याकडे असेल." ती रत्नागिरीकडची. कोकणी मुसलमान शाफई. तिच्या घरी शिकवलेले असे की रीतसर जबह न केलेल्या जनावराचे केससुद्धा नापाक. तिने तेवढ्यावरच न थांबता ब्रशासाठी वेगळी वाटी, वेगळा खिळा नेमून दिला आणि तिच्या टॉवेलपासून तो लांब ठेवायला सांगितला. आणलेला तिच्याच भावाने! त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आपा, मी फक्त किंमत बघितली." तर आमच्या घरात एकच ब्रश खाटेवर पाक आहे आणि बेसिनजवळ नापाक. त्यावरून भांडण नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली, यापेक्षा मोठे मसले आम्ही खिळ्याला टांगून ठेवले आहेत.

पुढचा शुक्रवार येईपर्यंत ब्रश रोज साबणाने धुतला. कारण वास. पहिल्यांदा ओला केला तेव्हा जो वास सुटला, तो बकरी ईदच्या आधी अंगणात बांधलेला बकरा पावसात भिजल्यावर येतो, तसाच. चार धुण्यांत वास बराच गेला. पाच-सहा केस गळाले, मग थांबले. पाणी कोमट घ्यायचे, कढत पाण्याने हे केस कडक होऊन तुटतात.

अब्बांना ब्रश का चालेल हे समजावताना माझे बीएड कामी आले. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, असे तिथे घोकून घेतले होते. मी सुरुवात हजामत या शब्दापासून केली. हा शब्द अरबी हिजामतवरून आला. हिजामत म्हणजे शिंगी लावून रक्त काढणे, ते काम न्हावीच करायचा म्हणून तो हज्जाम झाला. अब्बांनी हात हलवून मला गप्प केले. "मौलाना क्या बोले वो बोल." मग सांगितले. केसात जीव नसतो, दुखत नाही, म्हणून पाक.

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग उजव्या हाताने डावा गाल दाबला, चिमटा काढला.

"तो ये आधा मुँह बी पाक है बोल."

मला हसावे की काय करावे कळेना. ते स्वतःच हसू लागले, अर्ध्या तोंडाने, तेव्हा मीही हसलो.

ब्रश पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवला, झटकला, वाटीत बदामाएवढी क्रीम घेऊन घुसळू लागलो. इथे फरक कळतो. नायलॉन पाणी धरत नाही, फेस वरवरचा होतो आणि निम्मी दाढी होईपर्यंत गालावरच वाळतो. हा ब्रश पाणी पोटात ठेवतो आणि थोडे थोडे सोडतो. मिनिटभरात वाटीत दह्याच्या सायीसारखा फेस जमला. पाण्याची ऊबही ब्रशात टिकून होती. एक दोष मात्र सांगायला हवा: केस इतके मऊ आहेत की आठवड्याची राठ, पांढरी खुंटे उभी करायला त्यांना वेळ लागतो. तिथे अब्बांचा जुना नायलॉन वरचढ आहे. ब्रश गोल गोल फिरवत राहावे लागते, घाई चालत नाही.

मी नेहमी डाव्या गालापासून सुरू करतो, कारण तिथे सांभाळावे लागते. ते डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत होते. मग हनुवटीवरून ब्रश उजव्या बाजूला आला आणि त्यांनी डोळे मिटले. भिजलेले, कोमट केस कानाजवळून जबड्यापर्यंत फिरवले, परत वर. दोनदा, तीनदा. फेस पुरेसा झाला होता. मी ब्रश ठेवून रेझर उचलला, तसा त्यांनी उजवा गाल पुन्हा माझ्याकडे वळवला.

"रुक. अब्बीच नक्को."

मी ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

दाढी झाल्यावर तुरटी फिरवली, ओल्या फडक्याने तोंड पुसले. कुठे कापले नव्हते. त्यांनी आरसा मागितला, हनुवटीखाली नजर घातली, तिथे एक खुंट राहिलाच होता, तो दाखवला. मग किंमत विचारली. मेहुण्याने सांगितलेला आकडा रुपयांत केला तर अब्बांच्या एके काळच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होतो. इथे मात्र मी सरळ म्हणालो, "दो सौ." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"मेरा ब्रश फेंक्या तो नै ना?"

खिडकीच्या कोनाड्यातून त्यांचा ब्रश काढून दाखवला. रुमालासकट.